पीत नाही, पिऊ नका

जून १९८१ मध्ये वॉशिंग्टन शहरात सात इंचांची एक छोटी तबकडी निघाली. तिच्यावर आठ गाणी होती आणि ती आठही मिळून दहा मिनिटांच्या आत संपत होती. बँडचे नाव मायनर थ्रेट आणि तबकडीचे नावही तेच. गायक इयन मॅकाय तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बास वाजवणारा ब्रायन बेकर सोळा. ही तबकडी मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे आणि तिच्या गायकाबद्दल इतक्या लोकांशी वाद घातला आहे की आता मला स्वतःला नेमके काय वाटते ते एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले.

दारू आणि नशा नाकारणारी गाणी म्हणणारा हा गायक मोठा की उपदेशखोर, या प्रश्नावर पंक, म्हणजे वेगवान आणि बंडखोर रॉक, ऐकणाऱ्या लोकांत आजही सरळ दोन तट पडतात. एका तटाच्या मते मॅकाय म्हणजे बोलेल तसे वागणारा, स्वतःची रेकॉर्ड कंपनी चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणापुढे हात न पसरता चालवणारा माणूस. दुसऱ्या तटाला तो कीर्तनकार वाटतो, आणि तोही लोकांच्या आनंदावर विरजण घालणारा. मला या भांडणाचे मूळ त्याच्या स्वभावात कमी आणि त्या दहा मिनिटांत जास्त दिसते. एवढ्या कमी वेळात ‘मी असा आहे’ एवढेच सांगता येते. ‘तुम्ही तसेच असावे असे माझे म्हणणे नाही’ हे सांगायला जागाच उरत नाही.

ही तबकडी आली कुठून ते आधी सांगायला हवे. मॅकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन हे शाळेपासूनचे मित्र. त्यांचा आधीचा बँड टीन आयडल्स १९८० मध्ये मोडला, तेव्हा गल्ल्यात सहाशे डॉलरच्या आसपास रक्कम साठली होती. ती वाटून घेण्याऐवजी त्यांनी आधीच मोडलेल्या बँडच्या गाण्यांची तबकडी काढायचे ठरवले आणि त्यासाठी डिस्कॉर्ड नावाची कंपनी सुरू केली. रेकॉर्डची वेष्टने कशी बनतात हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी एका इंग्लिश तबकडीचे वेष्टन उकलून सपाट केले, त्यावरून साचा काढला आणि छापून आलेले कागद मित्रमंडळींना सोबत घेऊन कापले, दुमडले आणि चिकटवले. मायनर थ्रेटची तबकडी या कंपनीचे तिसरे प्रकाशन. ध्वनिमुद्रण पोटोमॅक नदीपलीकडच्या आर्लिंग्टनमध्ये, डॉन झिएन्टारा यांच्या घरातल्या इनर इअर स्टुडिओत झाले आणि त्यावर देखरेख केली ती रेकॉर्डचे दुकान चालवणाऱ्या स्किप ग्रॉफ यांनी. मुखपृष्ठावरचे छायाचित्र इयनच्या धाकट्या भावाचे, अ‍ॅलेकचे आहे. डोके तासलेला तो मुलगा पायऱ्यांवर बसून हातांत तोंड खुपसून झोपल्यासारखा दिसतो. त्या चित्रात ना त्वेष आहे ना धमकी, आणि मला ते आजवर पाहिलेल्या पंक मुखपृष्ठांपैकी सर्वांत खरे वाटते.

बँडच्या नावातली खोचही लक्षात घेतली पाहिजे. ‘मायनर’ म्हणजे क्षुल्लक आणि ‘मायनर’ म्हणजे अल्पवयीन. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये बिअर आणि वाइनसाठी अठरा वर्षांची अट होती, आणि जिथे बँड वाजायचे त्या जागा बहुतेक दारू विकूनच चालायच्या. साहजिकच शाळकरी मुलांना दारातूनच परत पाठवले जायचे. १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबने त्यांच्या हातांवर काळ्या मार्करने मोठी फुली मारली आणि आत घेतले. ती फुली दिसली की काउंटरवरच्या माणसाने त्या मुलाला दारू द्यायची नाही. ही युक्ती त्यांनी घरी आणली आणि वॉशिंग्टनच्या क्लबपुढे ठेवली. पुढे हीच फुली दारू-नशा वर्ज्य मानणाऱ्या एका पंथाची खूण झाली, पण तिचा जन्म व्रतातून झालेला नाही. गाणे ऐकायला आत जायचे होते, आणि त्यासाठी पिण्याचा हक्क सोडायची त्यांची तयारी होती.

मी हे सगळे पहिल्यांदा ऐकले ते २००४ मध्ये, पुण्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. हॉस्टेलमधल्या माझ्या रूम पार्टनरने कुणाकडून तरी कॉपी करून आणलेली एक सीडी दिली. तिच्यात मायनर थ्रेटची सगळी गाणी, म्हणजे सव्वीस, एकामागून एक होती. १९८९ मध्ये निघालेल्या संग्रहाची ती प्रत होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. त्या वयात मला इंग्रजी गाण्यांचे शब्द एका दमात लागायचे नाहीत, पण ‘स्ट्रेट एज’ हे शेहेचाळीस सेकंदांचे गाणे लागले, कारण ते माझ्याच खोलीत, माझ्याच परिस्थितीत घडत होते.

माझे धाकटे काका दारूने गेले. ते कसे गेले याचा तपशील इथे देणार नाही. ज्यांच्या घरात असे घडले आहे त्यांना तो माहीत असतो. मी पीत नव्हतो आणि पिणार नव्हतो. पण ‘बसणे’ या साध्या क्रियापदाला आपल्याकडे जो दुसरा अर्थ आहे, तो हॉस्टेलमध्ये आठवड्यातून दोनदा तरी अंगावर यायचा. वाढदिवस आहे, बसू. सबमिशन संपले, बसू. मी जायचो, चकणा खायचो, आणि प्रत्येक वेळी एक घोट तरी घे म्हणून आग्रह व्हायचा. गावाकडे माळ घातलेल्या माणसाला कुणी आग्रह करत नाही; ‘माळकरी आहे’ एवढे म्हटले की विषय संपतो. माझ्या गळ्यात माळ नव्हती आणि देवाधर्माशी माझा संबंधही बेताचाच होता. नकार द्यायला मला कारण होते, पण ते सांगायला काकांचे मरण चारचौघांत मांडावे लागले असते. त्या गाण्याने मला कारण न सांगता नकार देण्याची रीत दिली. हे ऋण मी आजही मानतो, आणि मॅकायबद्दल मी जे काही पुढे लिहिणार आहे ते या ऋणासकट लिहिणार आहे.

गाण्याची सुरुवात ‘मी तुझ्यासारखाच माणूस आहे’ अशा अर्थाच्या ओळीने होते. इतकी नम्र सुरुवात त्या तबकडीवर दुसऱ्या कुठल्या गाण्याची नाही. पण लगेच पुढच्या ओळीत ‘पण माझ्याकडे याहून बरे उद्योग आहेत’ असे येते. सगळी मेख त्या ‘पण’मध्ये आहे. पहिल्या ओळीने मांडीला मांडी लावून बसवलेला श्रोता दुसऱ्या ओळीत खाली ढकलला जातो. त्यानंतर नशेत बसलेल्यांना जिवंत प्रेते म्हटले जाते, आणि आपल्याला आधाराची कुबडी नको आहे असे सांगून गाणे संपते. एकोणीस वर्षांच्या, ज्याच्या आसपासची मुले एकेक करून नशेत बुडत आहेत अशा मुलाच्या तोंडी हे शब्द मला योग्य वाटतात. तीच ओळ स्वतःला सावरू पाहणाऱ्या व्यसनी माणसाने ऐकली तर त्याला ती कशी लागेल, हा विचार त्या गाण्यात नाही, आणि शेहेचाळीस सेकंदांत तो बसलाही नसता.

डिसेंबर १९८१ मध्ये आलेल्या दुसऱ्या छोट्या तबकडीवर ‘आउट ऑफ स्टेप’ हे गाणे आहे. त्यात तीन गोष्टी नाकारल्या आहेत: धूम्रपान, मद्यपान आणि, सभ्य भाषेत सांगायचे तर, मिळेल त्याच्याशी शरीरसंबंध. इंग्रजीत ‘डोन्ट स्मोक’ म्हटले आणि त्याआधीचा ‘आय’ गिळला, तर ते स्वतःबद्दलचे विधानही होते आणि दुसऱ्याला दिलेला हुकूमही होतो. गाण्याच्या वेगात तो ‘आय’ जवळजवळ ऐकूच येत नाही. आपल्या भाषेत हा घोटाळा होऊच शकत नाही. ‘पीत नाही’ म्हटले की कर्ता गाळला तरी तो माणूस स्वतःबद्दल बोलतो आहे हे कळते, आणि ‘पिऊ नका’ म्हटले की बोट आपल्याकडे वळले आहे हेही कळते; क्रियापदच सगळे सांगून टाकते. मॅकायच्या साऱ्या कीर्तीचा आणि अपकीर्तीचा डोलारा एका भाषेच्या या लहानशा संदिग्धतेवर उभा आहे असे मला वाटते. निम्म्या लोकांनी ‘पीत नाही’ ऐकले आणि निम्म्यांनी ‘पिऊ नका’.

बँडच्या आतही यावरून मतभेद होते. हे गाणे आज्ञापत्रासारखे ऐकू येऊ नये, याबद्दल नेल्सन आग्रही होता. १९८३ मध्ये हेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले तेव्हा मॅकायने मध्येच थांबून, गाण्याऐवजी बोलत, ही नियमावली नाही, तुम्ही काय करावे हे मी सांगत नाही, असे स्पष्ट केले. पण तोवर उशीर झाला होता. बॉस्टनच्या काही मुलांनी ही भूमिका इतक्या कडवेपणाने उचलली की कार्यक्रमांत लोकांच्या हातांतले बिअरचे ग्लास पाडल्याचे किस्से आजही सांगितले जातात, आणि नव्वदच्या दशकात सॉल्ट लेक सिटीमध्ये तर त्या गाण्यावरून स्वतःला स्ट्रेट एज म्हणवणाऱ्या काही तरुणांनी मारहाणीपर्यंत मजल मारल्यामुळे पोलीस त्यांच्याकडे टोळी म्हणून पाहू लागले. आपल्याला चळवळ काढायचीच नव्हती, हे मॅकाय तेव्हापासून मुलाखतींतून सांगत आला आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. तरीही ‘बॉटल्ड व्हायोलन्स’ हे गाणे पहिल्याच तबकडीवर आहे, आणि त्यात दारू पिऊन शौर्य आलेल्यांचा जो तिरस्कार आहे तो शांततावाद्याचा नाही. त्या सुरुवातीच्या दिवसांत मॅकाय स्वतः मारामाऱ्यांत उतरत असे आणि ते त्याने पुढे लपवलेले नाही. त्याच तबकडीवरच्या ‘स्मॉल मॅन, बिग माउथ’मध्ये बुटक्या माणसाची त्याच्या उंचीवरून टर उडवली आहे. या गाण्याचे समर्थन मला कधी करता आले नाही.

आणि मग ‘गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट’. दुसऱ्या तबकडीवरचे हे गाणे मॅकायच्या नावाला कायमचे चिकटले आहे. त्यामागची हकीकत अशी की तो ज्या सरकारी शाळेत शिकला तिथे बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, वॉशिंग्टन शहरातही तेव्हा कृष्णवर्णीयांचेच बहुमत होते, आणि गोरा म्हणून शाळेत त्याला त्रास सोसावा लागला. गाण्यातला मुलगा म्हणतो की माझ्या जन्माच्या शंभर वर्षे आधी जे घडले त्याची शिक्षा मला का? मॅकायच्या मते हे गाणे वंशवादाच्या विरोधात आहे, आणि त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय बँड बॅड ब्रेन्स याला तो गुरुस्थानी मानत आला आहे. पण १९८३ मध्ये ‘मॅक्झिमम रॉकनरोल’ या पंक मासिकाने घडवून आणलेल्या चर्चेत डेव्ह डिक्टर आणि विक बॉन्डी या दोन गायकांनी त्याला या गाण्यावरून धरले. ते इतिहासाची आठवण देत राहिले आणि तो स्वतःच्या अनुभवावर ठाम राहिला. पुढे १९९६ मध्ये स्लेअर या मेटल बँडने हे गाणे गाताना शेवटी ‘व्हाइट’च्या जागी ‘राइट’ म्हटले. मॅकायला ते अतिशय झोंबले. परंतु ज्या गाण्यात एक शब्द बदलला की उलटा अर्थ निघतो, त्या गाण्याची बांधणीच कच्ची होती असे म्हणावे लागते.

हे गाणे मी ज्या कानांनी ऐकतो ते कान महाराष्ट्रातले आहेत, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. ‘आमच्या आजोबा-पणजोबांनी काय केले असेल त्याची भरपाई आम्ही का करायची’ हे वाक्य मी हॉस्टेलमध्ये ॲडमिशनच्या आणि कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत किती तरी वेळा ऐकले आहे, आणि एक-दोनदा मान डोलावून त्याला साथही दिली आहे. माझ्याबरोबर राहणारा, ती सीडी देणारा तो रूम पार्टनर त्याच्या गावातला इंजिनिअरिंगला आलेला पहिला मुलगा होता, राखीव जागेवर आला होता आणि त्या वेळी खोलीतच होता. तो काही बोलला नाही. वाक्य बोलणाऱ्याला खरोखरच अन्याय झाल्यासारखे वाटत असते. कदाचित एखाद्याला त्याच्या आडनावावरून कुणी दुखावलेलेही असते. पण स्वतःची एक जखम मोजताना समोरच्याच्या शेकडो वर्षांच्या जखमा ‘जुन्या गोष्टी’ म्हणून वगळायच्या, ही त्या वाक्याची रचना आहे, आणि मॅकायच्या गाण्याचीही तीच आहे. दीड मिनिटाच्या आत संपणाऱ्या गाण्यात इतिहास मावत नाही, ही सबब मी ‘स्ट्रेट एज’साठी मान्य करतो. इथे ती मला पुरत नाही, कारण इथे इतिहास हाच विषय आहे आणि तो गाण्यातून बाहेर ठेवला आहे.

मग मी अजूनही त्याच्या बाजूने का, असे मला विचारतात. एक कारण म्हणजे पुढचा मॅकाय. १९८७ मध्ये त्याने फुगाझी काढला आणि त्या बँडने वर्षानुवर्षे पाच डॉलरच्या आसपास तिकीट ठेवले, कार्यक्रम सर्व वयांसाठी खुले ठेवले. गर्दीत कुणी दुसऱ्याच्या अंगावर पडून मारामारी करू लागला तर गाणे थांबवून त्याला समजावायचे, आणि ऐकलेच नाही तर तिकिटाचे पैसे हातात ठेवून बाहेर पाठवायचे, अशी त्यांची पद्धत होती. यावरही लोक चिडले. पंकच्या कार्यक्रमात शिस्तीचे मास्तर कशाला, असे म्हणाले. फुगाझीवाले हिवाळ्यातही घर गरम न करता राहतात आणि नुसता भात खातात अशा अफवा पसरल्या. उलट २०१३ मध्ये कपड्यांच्या एका मोठ्या साखळी दुकानात मायनर थ्रेटचे टी-शर्ट परवानगीने विकले जात आहेत हे कळल्यावर तेच लोक मॅकाय विकला गेला म्हणून ओरडले. एका माणसाला संन्यासी म्हणून हिणवायचे आणि त्याने संसारी वागणूक केली की भ्रष्ट म्हणायचे, हा खेळ मला अन्यायाचा वाटतो.

दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. त्या गाण्याने नकार द्यायला शिकवल्यावर सहा महिन्यांत मी लोकांना बोल लावू लागलो. मी बसायला जायचो ते आता न पिण्यासाठी जायचो, आणि कुणाचा तिसरा पेग झाला की आकडा मोठ्याने सांगायचो. मी ‘पीत नाही’ म्हणायचे सोडून ‘पिऊ नका’ म्हणू लागलो होतो, आणि ते करताना काकांचे नाव मनातल्या मनात ढाल म्हणून पुढे धरत होतो. शेवटी रूम पार्टनरच मला म्हणाला, ‘‘तू पीत नाहीस ते बरंच आहे रे, पण तुझ्यासमोर आता नुसतं बसवतही नाही.’’ त्याने पुढच्या सत्रात खोली बदलली. मॅकायला १९८३ मध्ये गाणे थांबवून खुलासा करावासा वाटला; मला त्या मुलापाशी जाऊन तो करायला नऊ वर्षे लागली. त्यामुळे कुणी मॅकायला उपदेशखोर म्हटले की मला आधी त्या खोलीची आठवण होते. त्या शब्दांतून हुकूम ऐकायला आणि तो दुसऱ्यांवर बजावायला मी स्वतः किती उत्सुक होतो, ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी ती मूळ सात इंची तबकडी, अर्थात नव्याने छापलेली, परदेशातून येणाऱ्या एका मित्राकरवी मागवली. सीडीवर जे कधीच लक्षात आले नव्हते ते तिच्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आले. ‘स्ट्रेट एज’ हे पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे आहे. सीडीवर ते संपते न संपते तोच पुढचे सुरू होते; इथे सुई मधल्या खाचेत जाऊन खरखरत राहते, आणि आपण उठून हात लावेपर्यंत काहीही होत नाही. दुसऱ्या बाजूवर पहिलेच गाणे ‘स्मॉल मॅन, बिग माउथ’ आहे, ते मला आवडत नाही, आणि त्यापुढे आणखी तीन गाणी आहेत ज्यांतले शेवटचे, बँडच्याच नावाचे, मोठे व्हायची घाई करू नका असे सांगते. बहुतेक रात्री मी ती खरखर थोडा वेळ तशीच चालू देतो आणि मग तबकडी उलटतो.